पाहणं आणि पेलणं

सोलापुरात दर जानेवारीत एका काठीचं लग्न लागतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यासमोर सात नंदीध्वज येऊन उभे राहतात, संमती वाचली जाते आणि चहूबाजूंनी अक्षता पडतात. नवरा मुलगा म्हणून तिथे कुणी माणूस बसलेला नसतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, अशी कथा आहे. योगी माणूस, संसार कसा मांडणार? मुलीचं मन मोडवेना आणि व्रतही मोडवेना. शेवटी त्यांनी आपला योगदंड पुढे केला आणि त्याच्याशी लग्न लावायला मुभा दिली. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं रूप. आठशे वर्षं उलटून गेली तरी सोलापूरकर त्या लग्नाला न चुकता हजर असतात.

म्हणजे या शहराचा सगळ्यात मोठा उत्सव बदलीवर उभा आहे. वराच्या जागी काठी. म्हणूनच हेडसेट डोळ्यांवर चढवून गाभारा पाहिला तर ते दर्शन झालं का, हा प्रश्न सोलापुरात विचारायला मजा येते. एरवी त्याचं उत्तर ‘खरं’ आणि ‘खोटं’ अशा दोन खणांत पटकन टाकता येतं. काठीशी लागलेलं लग्न खोटं, असं मात्र गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

प्रश्न हवेतला नाही. २०१६च्या सुमारास ‘व्हीआर डिव्होटी’ नावाचं भारतीय ॲप आलं. देवळात चहूबाजूंचं चित्रण करणारे कॅमेरे लावायचे आणि घरबसल्या भाविकाला आरतीत उभं केल्याचा अनुभव द्यायचा, अशी ती कल्पना. डिसेंबर २०२१मध्ये सौदी अरेबियानं मक्केतल्या काळ्या दगडाचं आभासी रूप तयार केलं. पुढच्या दोनेक महिन्यांतच तुर्कस्तानच्या धार्मिक खात्यानं, म्हणजे दियानेतनं, सांगून टाकलं की काबा असा खुशाल पाहावा, पण त्यानं हज घडत नाही. त्यासाठी पाय जमिनीला लागले पाहिजेत. व्हॅटिकननं तर २००२मध्येच इंटरनेटवर संस्कार होत नाहीत अशी रेघ ओढली होती. गंमत अशी की रोमहून दिलेल्या पोपच्या आशीर्वादाचं पुण्य रेडिओ आणि टीव्हीवरूनही पदरात पडतं, हे त्याच चर्चनं १९८५मध्ये मान्य केलं होतं. आशीर्वाद तारेतून जातो, संस्कार जात नाही.

आपल्याकडे असा निकाल देणारं एकच पीठ नाही, हे बरंच आहे. निकाल ज्याचा त्यालाच लावावा लागतो, आणि सोलापूर जिल्ह्यात तो लावायला सामग्री भरपूर आहे.

आधी यंत्रं नीट पाहायला हवीत. पडद्यावरच्या जगात शिरायची माणसाची हौस जुनीच. गेल्या वीस वर्षांत तिला दोन ठळक वाटा फुटल्या. निन्टेंडोचा ‘वी’ नोव्हेंबर २००६मध्ये आला. हातात टीव्हीच्या रिमोटसारखी पांढरी कांडी आणि तिच्या पोटात हालचाल ओळखणारा बारीकसा सेन्सर. मनगट फिरवलं की पडद्यावरची रॅकेट फिरायची. चित्रं बाहुल्यांसारखी, त्या काळच्या मानानंही मागासलेली. तरीही दहा कोटींहून जास्त वी विकले गेले, कारण ज्यांनी जन्मात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता त्या आजी-आजोबांनाही बोलिंगचा चेंडू कसा टाकायचा हे शिकवावं लागत नव्हतं. लोक इतके रंगात यायचे की कांडी हातातून सुटून समोरच्या टीव्हीवर आदळायची. बाजारात आल्यावर महिन्याभरातच कंपनीला मनगटाला अडकवायच्या दोऱ्या जाड करून बदलून द्याव्या लागल्या. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’नं कांडीही काढून टाकली. न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके खोलीभर पसरून तो माणसाचे वीस सांधे ओळखायचा आणि पडद्यावरची आकृती तशीच हलवायचा. त्याला समोर सहा फूट मोकळी जागा लागायची, दोघे खेळणार असतील तर आठ. गिरणीच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कपाट आणि कॉट सरकवल्याशिवाय ते जमणारं नव्हतं, ही अडचण मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या कचेरीत बसून कुणाला सुचली नसावी.

दुसरी वाट हेडसेटची. तीही नवी नव्हे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८मध्येच डोक्याला लावायचा पडदा बनवला होता, पण तो इतका जड की छताला टांगून ठेवावा लागे. घरात नेण्याजोगा हेडसेट २०१६च्या सुमारास आला: ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह, प्लेस्टेशन व्हीआर. तो डोळ्यांवर चढवला की खोली नाहीशी होते. मान वळेल तिकडे दुसरं जग असतं, वर पाहिलं तर शिखर, खाली पाहिलं तर फरशी. फक्त खाली पाहताना आपले पाय दिसत नाहीत.

ही पायांची गोष्ट लहान वाटते, पण दोन्ही यंत्रांमधला फरक तिथेच उघडा पडतो. वी आणि किनेक्ट माणसाचं शरीर मागतात आणि डोळ्यांना फारसं फसवत नाहीत. पडदा भिंतीवरच असतो, शेजारी बहीण आपली पाळी कधी येते म्हणून खोळंबलेली असते, आतून कुणीतरी जेवायला हाक मारतं. हेडसेट डोळे घेऊन जातो आणि शरीर खुर्चीत ठेवतो. डोळे सांगतात आपण पुढे चाललो, कानाच्या आत तोल सांभाळणारी इंद्रियं सांगतात आपण जागचे हललेलो नाही. या भांडणात पोट ढवळतं. बनवणाऱ्यांनाही ही उणीव लगेच कळली. सोनीनं २०१०मध्ये टीव्हीसमोर हलवायला काढलेली ‘मूव्ह’ नावाची कांडी २०१६मध्ये स्वतःच्या हेडसेटबरोबर पुन्हा वापरात आणली. डोळ्यांनी पुढे गेलेल्या माणसाला हात परत द्यावे लागले.

यावरून हालचालीचं यंत्र भक्तीला जवळचं आणि हेडसेट लांबचा, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो अर्धाच बरोबर आहे. वीचं टेनिस खेळणाऱ्या पोरांना थोड्याच दिवसांत उमगलं की पूर्ण हात फिरवायची गरज नाही. सोफ्यावर रेलून मनगटाला नुसता झटका दिला तरी गुण मिळतो, यंत्राला कळत नाही. कर्मकांडात हेच होतं, आणि आपल्या संतांनी त्यावर इतकं कडक बोलून ठेवलं आहे की वेगळं सांगायला नको. घंटा वाजली, हात फिरला, तबक फिरलं, आणि मन दुकानात. शरीर हललं म्हणजे माणूस हलला असं होत नाही.

मग नंदीध्वज काय वेगळं करतो? तो वजन देतो. तीस फुटांहून उंच बांबू, त्यावर साज, आणि पेलणारा पांढऱ्या बाराबंदीतला एकटा माणूस. ध्वजाचं बूड त्याच्या कमरेशी बांधलेल्या पट्ट्यात बसतं. दोन्ही हात बांबूवर, नजर वर शेंड्याकडे, आणि पाय रस्ता न पाहता पुढे सरकायचे. शेंडा जरासा कलला की कंबर त्या बाजूला जाते. तो कलण्याआधीच ती जाते असं बघणाऱ्याला वाटतं. आजूबाजूला सावरायला हात तयार असतात, पण तोल त्याचा त्यालाच राखावा लागतो. यात्रेच्या कितीतरी आधीपासून त्याचा सराव चालतो. होमाच्या दिवशी पहिल्या ध्वजाला नागफणी बांधली की तो आणखी अवघड होतो, आणि तो पेलणाऱ्याचं नाव शहरभर आदरानं घेतलं जातं. मनगटाच्या झटक्यावर इथे गुण मिळत नाही. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत शहराला घातलेली प्रदक्षिणाही तशीच, ती चालावी लागते. काठी वराची बदली म्हणून आली खरी. पण ती कुणाच्या तरी अंगावर भार टाकते, आणि आजूबाजूच्या शेकडो माणसांना त्या भारात सामील करून घेते. ‘हर्र बोला हर्र’ची आरोळी त्या पेलणाऱ्याला दिलेला खांदाच असतो.

बदली चालते, पण बिनवजनाची आणि एकट्याची बदली पचत नाही, असं इथली परंपरा सांगते, असं प्रस्तुत लेखाचं म्हणणं आहे. ते तपासायला तत्त्वज्ञांकडे जरा डोकवावं लागेल.

डोळा कसा पाहतो, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतकं वाद झाला. नैयायिक म्हणत, इंद्रियाचा वस्तूशी संपर्क झाल्याशिवाय ज्ञान होत नाही. डोळाही याला अपवाद नाही. त्याच्यातून तेज निघतं, वस्तूपर्यंत जातं, तिला भिडतं. याला ते प्राप्यकारी म्हणत. थोडक्यात, पाहणं हा लांबून केलेला स्पर्श. बौद्धांना आणि जैनांना हे मान्य नव्हतं. बौद्धांनी विचारलं, डोळा जाऊन भिडत असेल तर जवळची फांदी आणि तिच्या मागचा चंद्र एकाच क्षणी कसे दिसतात? चंद्रापर्यंत जायला जास्त वेळ लागायला हवा. नैयायिकांचं उत्तर खुमासदार होतं. क्षण एक नसतोच. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक रचून सुई आरपार घातली तर पाकळ्या एकामागून एक भोसकल्या जातात, आपल्याला मात्र सगळ्या एकदम भोसकल्यासारख्या वाटतात. उशीर असतो, तो लक्षात येत नाही इतकंच.

हेडसेट नेमका याच फटीत काम करतो. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवला की मेंदूला उशीर जाणवत नाही आणि समोरचं जग जागचं वाटतं. तो वेळ वाढला की भ्रम फाटतो. फांदी आणि चंद्राचीही यात एक गोम आहे. हेडसेटची भिंगं सगळं चित्र एकाच ठरावीक अंतरावर, बहुधा दीड-दोन मीटरवर, असल्यासारखं दाखवतात. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवून खोलीचा भास होतो, पण डोळ्याच्या आतल्या भिंगाला फांदीसाठी आणि चंद्रासाठी वेगळं ताणावं लागत नाही. दोन्ही तिथेच. विठ्ठलाची मूर्ती आणि सभामंडपाचं टोकही तिथेच. बौद्धांचा आक्षेप यंत्रानं खरा करून दाखवला आणि नैयायिकांना विचारायला प्रश्न दिला: बाहेर निघालेली नजर अडली कुठे?

बौद्धांकडेच दुसरी कसोटी आहे आणि ती जास्त उपयोगी पडते. सातव्या शतकातला धर्मकीर्ती म्हणतो, जे काही कार्य करू शकतं ते खरं. मृगजळानं तहान भागत नाही म्हणून ते पाणी नव्हे. या कसोटीला दोन्ही यंत्रं अनपेक्षितपणे उतरतात. जून २००७मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटं पत्र छापून आलं. २९ वर्षांच्या एका तरुणाचा उजवा खांदा अचानक दुखू लागला होता. चौकशी केल्यावर कळलं की त्यानं आदल्या दिवशी तासन्‌तास वीवर टेनिस खेळलं होतं. पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरनं या दुखण्याचं बारसं ‘विआयटिस’ असं केलं. रॅकेट नव्हती, चेंडू नव्हता, दुखणं अस्सल होतं. हेडसेटचं उदाहरण उलट्या दिशेचं आहे. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचं बर्फाळ आभासी जग बनवलं. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना त्यांना तिथे बर्फाचे गोळे फेकायला देत. वेदना कमी जाणवत असल्याचं आढळलं. एका यंत्रानं नसलेल्या खेळातून दुखणं आणलं, दुसऱ्यानं नसलेल्या बर्फातून आराम. ‘भास आहे, सोडून द्या’ असं कुठल्याच बाबतीत म्हणता येत नाही.

तेव्हा हेडसेटमधून गाभारा पाहताना एखाद्याचे डोळे भरून आले तर ते पाणी खरंच. फक्त कार्य एकाच बाजूला होतं. आणि पंढरपूर इथे मोठी अडचण उभी करतं.

सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या या गावात दर्शनाच्या कितीतरी पायऱ्या आहेत. सगळ्यात वर पदस्पर्श, विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकणं. सामान्य भाविकानं मुख्य मूर्तीला असा हात लावावा, ही मुभा भारतातल्या अनेक मोठ्या देवळांत नाही. त्यासाठी आषाढीला लोक तासन्‌तास, कधी दिवसभराहूनही जास्त, दर्शनबारीत उभे राहतात आणि पायांपाशी वाट्याला येतात दोन-चार सेकंद. ते जमलं नाही तर मुखदर्शन. तेही नाही तर नामदेव पायरीवर डोकं. तेही नाही तर कळसाकडे पाहून हात जोडायचे आणि परतीची एसटी धरायची. अडीचशे किलोमीटर चालून आलेला वारकरी कळसावर समाधान मानतो आणि आपली वारी अपुरी राहिली असं त्याला वाटत नाही. चालणं आधीच झालेलं असतं. कळस ही त्याची पोच.

२०२०मध्ये ही सगळी रचना उलटी झाली. मार्चपासून मंदिर बंद होतं. पालख्या पायी निघाल्याच नाहीत. आषाढ शुद्ध दशमीला संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीनं पंढरपुरात आल्या आणि १ जुलैला एकादशी झाली. लाखोंचं चालणं बसच्या चाकांवर सोपवलं गेलं. घरात बसलेल्यांनी पूजा टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिली. पाहणं सगळ्यांना मिळालं, अगदी जवळून, एरवी बारीत उभं राहून कधी मिळालं नसतं इतकं निवांत. आणि तरी त्या वर्षी ‘वारी चुकली’ हेच शब्द ऐकू येत होते. पदस्पर्श पुन्हा सुरू व्हायला २ एप्रिल २०२२चा गुढीपाडवा उजाडावा लागला.

त्याच बंद काळात, जून २०२०मध्ये, मूर्तींना वज्रलेप केला गेला. कारण मूर्ती झिजत होत्या. शतकांच्या अभिषेकांनी आणि लाखो कपाळांनी, हातांनी दगड झिजतो. रुक्मिणीच्या पायांची झीज तर पुढेही चिंतेचा विषय राहिली. पुरातत्त्ववाल्यांच्या दृष्टीनं हे नुकसान, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं यासारखा पुरावा नाही. स्पर्शानं भाविक बदलतो की नाही हे ज्याचं त्याला माहीत; देव मात्र बदलतो, हे डोळ्यांनी दिसतं. पाहण्यानं मूर्ती झिजत नाही. हेडसेटमधून कोटी लोकांनी रोज पाहिलं तरी तिच्यावर ओरखडा उठणार नाही. संवर्धनासाठी ही गोष्ट उत्तम, नात्यासाठी जरा संशयास्पद.

इथपर्यंत लेख हेडसेटच्या विरोधात झुकल्यासारखा वाटेल. पण याच जिल्ह्यात चोखोबा राहत होते. मंगळवेढ्याचे चोखामेळा पंढरपूरला येत आणि देवळाबाहेर उभे राहत. आत जायची बंदी होती. १३३८मध्ये मंगळवेढ्यात वेस कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि समाधी झाली तीही महाद्वारासमोर, पायरीपाशी, बाहेरच. लांबूनच पाहा, मनातच पूजा कर, देव काय सगळीकडे आहे, हा उपदेश चोखोबांना आणि त्यांच्या लेकरांना सहाशे वर्षं ऐकवला गेला. मानसपूजेचं तत्त्वज्ञान कितीही उंच असलं तरी ते कोण कुणाला ऐकवतो यावर त्याची किंमत ठरते. साने गुरुजींनी १ मे १९४७ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडलं, १० मेला ते सुटलं, आणि दलितांना मंदिर खुलं झालं. गुरुजींची मागणी चांगल्या दर्शनाची नव्हती. इतरांचं डोकं जिथे टेकतं तिथेच यांचंही टेकलं पाहिजे, एवढीच होती.

म्हणून हेडसेटचा खरा धोका भासाचा नाही, रांगेचा आहे. देशातल्या अनेक देवस्थानांत पैसे भरून झटपट दर्शनाच्या वेगळ्या रांगा आहेतच. उद्या गर्दीचं कारण सांगून सांगितलं जाईल की तुम्ही घरी हेडसेट लावा, अगदी जवळून दिसेल, आणि पायांपाशी मात्र ओळखीची, पैशाची माणसं उभी राहतील. चित्र जितकं सुरेख, तितकी ही वाटणी गोड बोलून करता येईल. पायऱ्या न चढू शकणाऱ्या म्हातारीनं हेडसेट मागितला तर ते दर्शन आहे. तिला कुणी तो हातात देऊन दारातून परत पाठवलं, तर तीच वस्तू पूर्वीच्या त्या महाद्वाराचं काम करते.

सोलापूरला हा वाद नवा नाही, आणि तो शहराच्या मूळपुरुषाच्याच अंगणात झाला होता. सिद्धराम सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खणत होते, देवळं बांधत होते, शेकडो लोकांना कामाला लावत होते. वीरशैवांच्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात पुढची हकिगत येते. अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी या खणणाऱ्या सिद्धाची जाहीर हेटाळणी केली: माती उपसून कुठे शिव सापडतो का? कामावरचे लोक भडकले, दगड उचलले गेले. नंतर दोघांची गाठ पडली, बोलणं झालं, आणि सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला बसवण्णांकडे गेले. अल्लमांचा पक्ष आतल्या पाहण्याचा. बाहेरचं सगळं त्यांच्या लेखी भास. सिद्धरामांचा पक्ष घामाचा. सांगणारे बहुधा अल्लमांचा विजय सांगतात. सोलापूरकरांनी मात्र त्या वादाचा निकाल स्वतःच्या पद्धतीनं लावलेला दिसतो. त्यांनी सिद्धरामांची काठी उचलली आणि दरवर्षी ती पेलायची ठरवली. तळंही देवळाभोवती आहेच.

आता हेडसेट वापरायचाच असेल तर तो वी-सारखा कसा वापरता येईल, असा विचार करायला हरकत नाही. हे वाटतं तितकं अवघड नाही. नव्या हेडसेटवरचे कॅमेरे हात ओळखतात, म्हणजे किनेक्टचं काम आता कपाळावर आलं आहे. हात जोडले तर गाभाऱ्यात हात जोडलेले दिसू शकतात. ॲपलच्या २०२४च्या ‘व्हिजन प्रो’नं तर बाहेरच्या बाजूला आणखी एक पडदा लावून घालणाऱ्याचे डोळे समोरच्याला दाखवायची खटपट केली. माणसाला नुसतं पाहून भागत नाही, आपण दिसतोय हेही लागतं, हे साडेतीन हजार डॉलरच्या यंत्राला शिकावं लागलं.

याहून स्वस्त सोय बहुतेक हेडसेटमध्ये आधीच असते: आत दिसणारं चित्र घरच्या टीव्हीवरही लावता येतं. गुडघ्यांनी थकलेल्या आजीच्या डोळ्यांवर नातवानं हेडसेट चढवला आणि टीव्ही लावायचं विसरला, तर ती एकटी पंढरपुरात आणि बाकीचं घर सोलापुरात. टीव्ही लावला की सून म्हणते, उन्हाळ्यातली पूजा दिसतेय, चंदनउटी लावलीय. आजी म्हणते, मान जरा डावीकडे वळवते, गरुडखांब दिसतो का सांग. शेजारीण चष्मा पुसत येऊन बसते. नातवाला आजीच्या खांद्याला धरून उभं राहावं लागतं, कारण ती हात जोडून पुढे वाकते आणि समोर टीपॉय असतो.